टंचाईत घरातलं पाणी कसं पुरवायचं

पाणी तुटायला लागलं की घरात सगळ्यात आधी पिणं कमी करते ती आई. तिच्यामागोमाग आजी. मुलांना पुरावं म्हणून दोघी तहान मारतात, आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. यातून दिवसाला जेमतेम दोन-तीन तांबे वाचतात, पण माणूस अंथरूण धरतो. त्यामुळे माझं पहिलं सांगणं हेच: टंचाई कितीही असो, पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. काटकसर बाकी सगळीकडे करायची.

आधी हिशेब मांडा. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्था ‘स्फिअर’ नावाची आंतरराष्ट्रीय मानकं पाळतात. त्यांत माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी धरलं आहे. जगण्यापुरतं बघायचं तर पिण्याखाण्यासाठी अडीच ते तीन लिटर, स्वच्छतेसाठी 2 ते 6 आणि स्वयंपाकासाठी 3 ते 6. हे किती कमी आहे ते यावरून कळेल: केपटाउनची धरणं आटली तेव्हा फेब्रुवारी 2018 पासून तिथे माणशी 50 लिटरची मर्यादा घातली होती, आणि तेवढ्यातही लोकांची ओढाताण झाली.

आम्ही घरात पाच माणसं. म्हणजे पिण्याचे 15 लिटर रोज बाजूला पडलेच पाहिजेत. पाणी आलं की पहिला कॅन त्याचाच भरतो, मग स्वयंपाकाचं भांडं, आणि बादल्या सगळ्यात शेवटी. प्रत्येकाच्या नावाची बाटली आहे, तीही सकाळीच भरून ठेवते. सासूबाई संडासला वारंवार जावं लागू नये म्हणून पाणीच टाळायच्या. सांगून उपयोग नव्हता, बाटली समोर दिसायला लागल्यावर त्या पिऊ लागल्या. संध्याकाळी कुणाची बाटली किती उरली ते मी बघतेच. लघवी गडद पिवळी होत असेल तर त्या माणसाला पाणी कमी पडतंय. अंगावर पाजणाऱ्या आईला नेहमीपेक्षा जास्त द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधातून सगळं मिळतं. तेव्हा आईचा वाटा हाच बाळाचाही वाटा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल, तर मात्र तेच पाळायचं.

साठवायला अरुंद तोंडाचं, झाकणाचं भांडं घ्या. तोटी असेल तर फारच चांगलं. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते दुसऱ्या कशालाही वापरू नका. भांड्यात हात बुडाला की चांगलं पाणीही नासतं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं होत आलं की आतल्या कडा खसखसून घासा. नुसतं विसळून अंडी निघत नाहीत.

आता शुद्ध करण्याबद्दल, कारण टंचाईत माणसं तहानेपेक्षा जुलाबांनी जास्त हैराण होतात. कुठून आलं ते माहीत नसलेलं पाणी तसंच पिऊ नका. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, वाटल्यास तुरटी फिरवा. मग स्वच्छ धुतलेलं जुनं सुती कापड चार पदरी करून त्यातून गाळा. कापड जुनंच हवं, धुऊन धुऊन त्याची वीण दाट झालेली असते. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये बायका जुन्या साडीच्या घडीतून पाणी गाळू लागल्या तेव्हा कॉलरा 48 टक्क्यांनी कमी झाला, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तरीही निवळून, गाळून सगळे जंतू जात नाहीत. त्यानंतर पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळा. 2000 मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर तीन मिनिटं.

इंधनही पुरत नसेल तर ऊन वापरा. स्वच्छ, पारदर्शक, दोन लिटरपर्यंतची प्लास्टिकची बाटली भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवा. आभाळ असेल तर लागोपाठ दोन दिवस. पाणी नितळ हवं: बाटलीखाली छापील कागद ठेवला तर वरून अक्षरं वाचता आली पाहिजेत. क्लोरीनच्या गोळ्या असतील तर पाकिटावरचं प्रमाण पाळा. यातल्या कुठल्याच उपायाने पाण्यातलं फ्लोराइड, आर्सेनिक किंवा मीठ जात नाही. उकळून तर ते आणखी दाट होतं. तसल्या विहिरीचं पाणी फक्त वापरायला ठेवा.

खरी बचत होते ती पाणी दोनदा-तीनदा वापरून. आमच्याकडे अंघोळ टबात बसूनच, ओल्या कपड्याने अंग पुसून आणि शेवटी दोन तांबे ओतून. टबातलं पाणी संडासाच्या बादलीत. भाज्या धुतलेलं पाणी झाडाला. कपडे खळबळलेल्या पाण्याने फरशी, आणि फरशीचंही पुन्हा संडासात. भांडी आधी कोरडीच पुसून घ्या, तेलकटपणा निघाला की पाणी निम्मंच लागतं. वापरलेलं पाणी एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नका, त्याला वास येतो. संडासाची बादली वेगळ्या रंगाची असू द्या, म्हणजे घाईत घोळ होणार नाही. गळका नळ आजच दुरुस्त करून घ्या: सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीस लिटरच्या पुढे.

हात धुण्यात मात्र कसूर नको. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती उलटी टांगली की बारीक धारेत, साबणाने, थोडक्या पाण्यात हात निघतात. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी, न चुकता.

एवढं करूनही कुणाला जुलाब लागले तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ ढवळून थोडं थोडं पाजत राहा. चमचा चहाचा. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, रडताना आसवं येईनात किंवा पोटात काही ठरेना, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

पाणी आणायच्या पाळ्या ठरवून घ्या. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो ओझं. ते गरोदर बाईने किंवा वाढत्या मुलीने रोज का उचलावं? मुलीच्या शाळेच्या वेळेत तर तिची पाळी लावूच नका. घरातल्या पुरुषांनी सकाळची खेप घ्यावी, हे मी प्रत्येक घरी सांगते.

पावसाचं चिन्ह दिसलं की छपराची पन्हळ झाडून ठेवा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस चौरस मीटरवर दहा मिलिमीटर पडला तर दोनशे लिटर, थोडं उडालं-सांडलं तरी दीडशेच्या वर हाती लागतं. पहिल्या सरीबरोबर धूळ आणि पाखरांची घाण येते, ते पाणी संडासाच्या पिंपात सोडा. त्यानंतरचं झाकणाच्या पिंपात घ्या, आणि गाळून, उकळूनच प्या.