एअर फ्रायरमध्ये पोर्क रिब्स: धूर मात्र खानदेशी

भरताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजली की साल जळते, आतला गर शिजतो आणि धूर गरात उतरतो. तो धूर नसेल तर भरीत भरीत लागतच नाही, हे खानदेशात लहान पोरालाही कळतं. बार्बेक्यू रिब्सचंही तसंच आहे. अमेरिकेत ज्या बरगड्यांना बार्बेक्यू म्हणतात, त्या लाकडाच्या धुरात साधारण 110 अंशांवर पाच-सहा तास ठेवलेल्या असतात. एअर फ्रायरमध्ये वर एक कॉइल आणि एक पंखा असतो, एवढंच. गरम हवा जोरात फिरते, पदार्थाचं बाहेरचं पाणी उडतं आणि तो खरपूस होतो. तिथे धूर नसतो आणि पाच तास यंत्र चालू ठेवायला कुणाला सवड नसते.

म्हणून एअर फ्रायरमध्ये रिब्स करायच्या तर दोन प्रश्न सोडवावे लागतात: मांस मऊ कसं करायचं आणि धूर कुठून आणायचा. पहिल्याचं उत्तर फॉइलमध्ये आहे. दुसऱ्याचं उत्तर आपल्या काळ्या मसाल्यात आणि भाजलेल्या कांद्यात आहे.

मांस कुठलं आणायचं

मी धुळ्यात राहतो. आमच्या नेहमीच्या खाटकाकडे बोकड आणि कोंबडी मिळते, पोर्क मिळत नाही. नाशिकला काही काम निघालं की तिथून गोठवलेलं पोर्क आणतो. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे तीन तास धरा. थर्मोकोलच्या डब्यात खाली-वर बर्फ, मधे मांसाची पिशवी आणि डब्याला चिकटपट्टी. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 च्या पुढे जातो, तेव्हा याशिवाय मांस आणूच नका. घरी आल्यावर पिशवी बोटाने दाबून बघावी. मांस अजून घट्ट आणि थंडगार असेल तर ठीक. कोमट लागलं, वास आला, तर पैसे गेले असं समजून टाकून द्यावं.

दुकानात दोन प्रकार मिळतात. पाठीच्या कण्याजवळच्या बरगड्या आखूड आणि वाकलेल्या असतात, त्यांना बेबी बॅक रिब्स म्हणतात. नावात ‘बेबी’ असलं तरी त्या पिल्लाच्या नसतात, फक्त आकाराने लहान असतात. पोटाकडच्या त्या स्पेअर रिब्स. या लांब असतात, चरबी जास्त आणि शिजायला वेळही जास्त. पहिल्यांदा करणार असाल तर बेबी बॅक घ्या. त्या लवकर मऊ होतात आणि 4-5 लिटरच्या बास्केटमध्ये नीट बसतात. चार माणसांना सव्वा ते दीड किलो लागतं, कारण वजनात हाडं बरीच असतात. खालचं प्रमाण एक किलोचं आहे. एवढंच एका वेळी बास्केटमध्ये मावतं.

गोठवलेलं मांस आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावं, पूर्ण सुटायला 24 तास लागतात. ओट्यावर ठेवून घाई करू नये. बाहेरचा थर कोमट होतो आणि आत बर्फ तसाच राहतो.

पापुद्रा काढणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि रिब्स तिथेच बिघडतात. बरगड्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे हाडं स्पष्ट दिसतात त्या बाजूला, एक पांढुरका चिवट पापुद्रा असतो. तो कितीही शिजवला तरी रबरासारखा राहतो आणि मसाला आत जाऊ देत नाही. टोकाच्या हाडावर बोथट सुरी पापुद्र्याखाली सरकवा, थोडं उचला, मग कोरड्या फडक्याने घट्ट पकडून ओढा. ओल्या हातातून तो निसटतो. जमलं तर एकाच ओढीत सगळा निघतो, नाही तर दोन-तीन तुकड्यांत.

मग दोन-दोन, तीन-तीन हाडांचे तुकडे करा. अख्खी पट्टी बास्केटमध्ये बसवायला वाकवली तर मधला भाग हवेला लागत नाही.

मसाला

एक किलो बरगड्यांना दोन लहान चमचे मीठ, दोन चमचे लाल तिखट, एक मोठा चमचा खानदेशी काळा मसाला, एक चमचा जिरेपूड, दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून आणि अर्धा चमचा काळी मिरी. तिखट नंदुरबारच्या मिरचीचं असेल तर रंगही चांगला येतो. गूळ किंवा साखर आत्ता घालू नका, ती सॉसमध्ये येईल. हे सगळं दोन्ही बाजूंना चोळून, झाकून, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. मिठाला आत जायला वेळ लागतो. वेळ नसेल तर निदान दोन तास द्या.

काळ्या मसाल्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजलेला, सोबत धणे, लवंग, दालचिनी, तमालपत्र आणि दगडफूल. दगडफुलाचा तो मातीसारखा, धुरकट वास दुसऱ्या कुठल्याच मसाल्यात नाही. बाहेरच्या पाककृती धुराची चव बाटलीतून घ्यायला सांगतात. ती बाटली माझ्या घरात कधी आली नाही आणि तिची गरजही पडली नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला होतो. त्यातला दोन-तीन महिन्यांच्या आतला वापरा, जुन्या मसाल्यातल्या खोबऱ्याला खवट वास येतो आणि तो मांसावर लगेच कळतो.

सॉस

अमेरिकेत प्रांताप्रांताचा सॉस वेगळा असतो. कॅन्सस सिटीचा टोमॅटोचा, गोड आणि घट्ट, त्यात उसाची मळी म्हणजे मोलॅसिस. कॅरोलिनाकडे व्हिनेगरचा आंबट, पातळ. मी कॅन्सस सिटीकडे झुकतो, कारण मोलॅसिसच्या जागी आपली काकवी अगदी चपखल बसते.

अर्धा किलो टोमॅटो आणि दोन मध्यम कांदे सालीसकट विस्तवावर भाजा. अंगण असेल, पऱ्हाट्या किंवा तुराट्या असतील, तर त्यांच्यावरच भाजा आणि घाई करू नका. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गॅसवर जाळी ठेवून भाजा. साल पूर्ण काळी होऊ द्या. जळकी साल काढून टाका, पण पाण्याखाली धुऊ नका, धूर वाहून जातो. मिक्सरमध्ये वाटून गाळून घ्या. जाड बुडाच्या कढईत हा गर, चार मोठे चमचे काकवी (नसेल तर 60 ग्रॅम गूळ), दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक चमचा आमचूर, एक चमचा काळा मसाला, तिखट आणि मीठ घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं आटवा. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आंबे चिरून वाळवून आमचूर करतात. ते मिळालं तर तेच घ्या, त्याचा आंबटपणा व्हिनेगरपेक्षा गोल असतो. सॉस चमच्याच्या पाठीवर थर धरून राहिला की झाला. ब्रश लावण्यासाठी एका वाटीत निराळा काढा. कच्च्या किंवा अर्धवट मांसाला लागलेला ब्रश ताटातल्या सॉसमध्ये बुडवायचा नाही.

फॉइलमध्ये शिजवणे

पहिल्या वेळी मी सॉस आधीच लावला आणि 200 अंशांवर पंचवीस मिनिटं ठेवलं. बाहेरून काळं झालं, आत मांस हाडाला घट्ट चिकटून राहिलं. कारण मला नंतर समजलं. बरगडीत कोलॅजेन खूप असतं, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग. तो 70 अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होतो आणि त्याला वेळच लागतो. आच वाढवून ते काम लवकर होत नाही, वरचा थर मात्र जळतो.

म्हणून फॉइलचे दोन थर घ्या. त्यावर बरगड्या हाडाची बाजू खाली करून ठेवा, दोन मोठे चमचे पाणी शिंपडा आणि कडा घट्ट दुमडून पुडी बांधा. पुडी बास्केटमध्ये आडवी ठेवा, चारही बाजूंना हवा फिरायला बोटभर जागा राहू द्या. फॉइलचं सैल टोक वर ठेवू नका, पंख्याच्या वाऱ्याने उडून ते कॉइलला लागतं. 150 अंशांवर बेबी बॅकना 50 ते 60 मिनिटं, स्पेअर रिब्सना सव्वा तास. अर्ध्या वेळेत पुडी एकदा उलटा.

विजेचा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. 1500 वॅटचं यंत्र तासभर अखंड चाललं तर दीड युनिट होतं. प्रत्यक्षात तापमान गाठल्यावर कॉइल मधेमधे बंद होते, त्यामुळे खर्च त्याहून कमी. यंत्र 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा. एक्स्टेंशन बोर्डाची वायर एवढा वेळ चालवली तर गरम होते. मधेच लाईट गेली तर बास्केट उघडू नका, पंधरा-वीस मिनिटं आतली उष्णता टिकते. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर पुडीतलं सगळं रसासकट कढईत काढा, झाकण ठेवा आणि मंद गॅसवर शिजवणं पुरं करा.

शिजलं की नाही, ते घड्याळावर सोडू नका. दोन हाडांमधल्या मांसात सुईसारखी सळई घाला, लोण्यात गेल्यासारखी गेली पाहिजे. हाडांची टोकं सुमारे सेंटीमीटरभर उघडी पडलेली दिसतात. मांसाचा थर्मामीटर असेल तर 90 ते 95 अंश बघा. खाण्याच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 साली पोर्कच्या अख्ख्या तुकड्यांना 63 अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विश्रांती पुरेशी ठरवली, पण त्या तापमानाला बरगडी चिवटच असते. शिवाय कच्चट पोर्कमधून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो, म्हणून बरगडी पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवणंच योग्य.

धूर आणि शेवटची आच

पुडी काळजीपूर्वक उघडा, वाफ तोंडावर येते. खाली साठलेला रस टाकू नका. वरची चरबी काढून तो सॉसमध्ये मिसळा.

आता धुंगार. बाभळीचा एक कोळसा लालबुंद करा. मोठ्या पातेल्यात बरगड्या ठेवा, मधे स्टीलची वाटी, वाटीत कोळसा आणि त्यावर अर्धा चमचा तूप. झाकण लगेच घट्ट लावा आणि पाच मिनिटं थांबा. याहून जास्त ठेवलं तर कडवटपणा येतो. बरगड्या या वेळी ओलसर असतात, त्यामुळे धूर चांगला धरतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि कोळसा कधीही एअर फ्रायरच्या आत ठेवू नका.

बास्केटच्या खालच्या ट्रेमध्ये दोन चमचे पाणी घाला. चरबी गरम ट्रेवर गळली की स्वयंपाकघर धुराने भरतं, पाणी असलं की ते टळतं. बरगड्या फडक्याने हलक्या टिपा, सॉसचा पातळ हात द्या आणि 190 अंशांवर मांसाची बाजू वर करून चार मिनिटं ठेवा. काढून दुसरा हात द्या, आणखी तीन-चार मिनिटं. इथून हलू नका. काकवीतली साखर एका मिनिटात चकाकीवरून काळेपणावर जाते. कडा किंचित जळलेल्या आणि वर चिकट चमक दिसली की बाहेर काढा, पाच मिनिटं थांबा, मग हाडांमधून कापा.

आत्या पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा तिने एक हाड उचललं आणि मांस ताटातच राहिलं. “इतलं मऊ व्हयी गयं?” एवढंच म्हणाली आणि दुसरं उचललं.

सोबत मी कळण्याची भाकरी ठेवतो. ज्वारी-उडदाची ती किंचित खारट भाकरी गोड सॉसला धरून बसते. हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, काकडी, लिंबू. पाहुणे येणार असतील तर पोर्क आहे हे बोलावतानाच सांगा. आपल्याकडे अनेक घरांत ते चालत नाही आणि ताटावर बसल्यावर कळणं कुणालाही बरं वाटत नाही. शाकाहारी माणसं त्याच घरात जेवत असतील तर बास्केट निराळी ठेवलेली चांगली.

पोर्क नको असेल त्यांनी बोकडाच्या बरगड्या घ्याव्यात, कोवळ्या बोकडाच्या. त्यात चरबी कमी असते, म्हणून मसाल्यात दोन चमचे तेल आणि दोन मोठे चमचे दही घालायचं. फॉइलमध्ये सव्वा तास लागतो, पाणीही चार चमचे घाला. बाकी सगळं असंच. सॉस थोडा आंबट ठेवा, बोकडाला गोड फार सोसत नाही.

उरलेल्या बरगड्या डब्यात घालून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. गरम करताना पाण्याचा हबका मारून फॉइलमध्ये 160 अंशांवर सात-आठ मिनिटं. ट्रेमधली चरबी मोरीत ओतू नका, थंड झाली की कागदाने पुसून कचऱ्यात टाका, मग बास्केट गरम पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा. हाडं फेकण्याआधी एकदा कुकरमध्ये पाणी घालून तीन शिट्ट्या काढा. त्या पाण्यात काळा मसाला घालून केलेला रस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्यावर ओततो मी.