कोल्हापुरात बसून विधिमंडळातल्या एका विषयाचा माग कसा काढायचा

अधिवेशन सुरू झालं की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री एकच विषय असतो: कोण कुणाला काय बोललं, पायऱ्यांवर कुणी कसला फलक धरला, कोण सभात्याग करून बाहेर पडलं. त्याच दिवशी आत दोन-चार विधेयकं मंजूर झालेली असतात. त्यांची बातमी आतल्या पानावर दोन बोटं.

पगारदार असाल तर आपलं पगारपत्रक काढून बघा. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. हा कायदा १९७५ चा, आणि त्यामागे रोजगार हमीसाठी पैसा उभा करण्याचा विचार होता. ती योजना मांडणारे वि. स. पागे आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, तेव्हा विधान परिषदेचे सभापती. २०२३ मध्ये पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना या करातून सूट मिळाली, तीही कायद्यात दुरुस्ती होऊनच. म्हणजे आत जे ठरतं ते आपल्या खिशापर्यंत येतं. ते ठरताना बघायचं कसं, एवढंच इथे सांगतो. मी वकील नाही, पत्रकारही नाही. चार-पाच वर्षं चुकत चुकत शिकलेलं आहे.

आधी विषय एकच धरा, आणि तो कुठे ठरतो ते बघा

सगळं अधिवेशन बघायला जाल तर दुसऱ्या दिवशी कंटाळाल. एक विषय घ्या. मग स्वतःला विचारा: हे कायद्याने ठरणार, पैशाने ठरणार की मंत्रालयातल्या एका सहीने?

हद्दवाढीचं बघा. १९७२ साली महापालिका झाल्यापासून हा विषय गाजतोय. पण हद्द वाढते ती नगरविकास खात्याच्या अधिसूचनेने, त्यासाठी नवं विधेयक लागत नाही. तेव्हा विधेयकांच्या यादीत हद्दवाढ शोधून काही मिळणार नाही. ती सापडली तर प्रश्नोत्तरांत किंवा लक्षवेधीत, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेत. शक्तिपीठ महामार्गाचा मामला भूसंपादनाचा आणि पैशाचा, म्हणून तिथे पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर सरकार मागतं तो जादा पैसा) आणि अर्थसंकल्पावरची चर्चा बघायची. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर सभागृहात दिवसभर बोलता येईल, ठरावही करता येईल, पण निर्णय आंतरराज्य लवाद, केंद्र आणि न्यायालय यांच्या अंगणात. शिरोळचा माणूस पाण्यात उभा राहून आमदाराला शिव्या घालतो तेव्हा मला त्याचा राग समजतो, पण दार चुकलेलं असतं.

उलट अंधश्रद्धाविरोधी कायदा पूर्णपणे इथला. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्याचं विधेयक मंजूर झालं. अध्यादेशाला मुदत असते: सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर तो संपतो. म्हणून अध्यादेश निघाला की पुढचं अधिवेशन कधी आहे ते लगेच बघावं. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात.

कागद मिळवा, आणि मागून वाचा

विधानमंडळाच्या संकेतस्थळावर दिवसाच्या कामकाजाचा क्रम मिळतो. सकाळी चहाबरोबर तो बघायचा. प्रश्नोत्तरं, पटलावर ठेवायचे कागद, लक्षवेधी, मग शासकीय विधेयकं असा साधारण क्रम. क्रमात विधेयक आहे म्हणून ते त्याच दिवशी होईल असं मात्र नाही. गोंधळात दिवस वाया गेला की ते पुढे जातं. आणि कधी कधी गोंधळातच उरकतंही.

विधेयकाची प्रत हाती आली की पहिल्या पानापासून सुरू करू नका. 'कलम ४, पोट-कलम (२) मधील "किंवा" या शब्दाऐवजी' असलं वाचून कुणाचंही डोकं उठेल. शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं, ते आधी वाचा. सरकारला हे कशासाठी हवंय ते तिथे दीड पानात, बऱ्यापैकी माणसाच्या भाषेत असतं. मग वित्तीय ज्ञापन, म्हणजे तिजोरीवर किती भार पडणार ते. त्यानंतर वैधानिक अधिकार सोपविण्याबाबतचं ज्ञापन, जे कुणीच वाचत नाही आणि जे मी सगळ्यात लक्षपूर्वक वाचतो. कारण कोणत्या गोष्टी कायद्यात न लिहिता पुढे 'नियमाद्वारे' ठरवल्या जाणार, त्याची यादी तिथे असते. दंड किती, अर्ज कसा, अपील कुणाकडे, हे पुष्कळदा तिकडे ढकललेलं असतं. दुरुस्ती विधेयक असेल तर मूळ कायदा शेजारी उघडा ठेवा, नाहीतर काहीच कळणार नाही.

विधेयक दोन्ही सभागृहांतल्या आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर कान टवकारा. नागरिकाला तोंड उघडायची खरी जागा तीच. विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये समितीकडे गेलं, समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि बारा हजारांवर आल्या. समितीने मसुद्यात बदलही केले. तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देण्याचा बदल त्यातलाच. ते बदल पुरेसे होते का, यावर कट्ट्यावर आमची दोन रात्री भांडणं झाली. पण सूचना पाठवायची मुदत संपल्यावर भांडण्यात अर्थ नव्हता.

बघताना काय बघायचं

थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असतं. पहिल्यांदा मी ते बघत बसलो तेव्हा ज्याची वाट बघत होतो ते विधेयक माझ्या डोळ्यांदेखत मंजूर झालं आणि मला कळलंच नाही. चटणीची बरणी उघडायला उठलो, परत आलो तोवर पुढचा विषय.

तसं होऊ नये म्हणून टप्पे ओळखायला शिका. मंत्री विधेयक मांडतात ते 'पुरःस्थापित'. तेव्हा सहसा चर्चा नसते. नंतर कधीतरी ते 'विचारार्थ' घेतलं जातं आणि भाषणं होतात. मग एकेक खंड (विधेयकातलं कलम) मताला टाकला जातो, आणि ही वेळ मोलाची, कारण सदस्यांच्या सुधारणा याच वेळी येतात. खंड वाचून दाखवत नाहीत, फक्त आकडे: दोन ते नऊ एका दमात, मग खंड एक, मग शीर्षक. शेवटी 'संमत'. आकड्यांचा हा मारा सुरू झाला की चटणी राहू दे बाजूला.

अध्यक्षांच्या खुर्चीत वेगळाच माणूस दिसला तर गोंधळू नका, ते तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष नसताना कामकाज चालवणारे सदस्य असतात. वरच्या सभागृहात, म्हणजे विधान परिषदेत, अध्यक्ष नसतात, सभापती असतात. बाकं रिकामी दिसतात ते खरंच रिकामी असतात. २८८ जणांच्या सभागृहाला गणपूर्तीसाठी एक दशांश, म्हणजे २९ सदस्य पुरतात.

मत: जे दिसत नाही ते

आता गाभ्याची गोष्ट. 'आमच्या आमदाराने या विधेयकावर कसं मत दिलं?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. बहुतेक वेळा त्याचं उत्तर कुठेच नसतं.

कारण नेहमीची पद्धत आवाजी मतदानाची. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही'. आवाज कुणाचा मोठा ते खुर्चीने ठरवायचं. कागदावर 'मंजूर' एवढंच उरतं, नाव कुणाचंच नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला तर अख्ख्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव असा आवाजावर मंजूर झाला आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला.

नाव नोंदवायचं तर कुणीतरी मतविभागणी मागावी लागते. मग शिरगणती. एकेक सदस्य उभा राहून आपला क्रमांक मोजतो. ४ जुलै २०२२ ला असेच १६४ विरुद्ध ९९ आकडे आले, त्याआधी ३० नोव्हेंबर २०१९ ला १६९ विरुद्ध शून्य, कारण विरोधक सभात्याग करून गेले होते. हे सगळं सरकार वाचवायच्या-पाडायच्या प्रसंगी. साध्या धोरणाच्या विधेयकावर असा हिशेब क्वचितच होतो.

शिवाय पक्षादेश (व्हिप) असतो. तो मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदीखाली, आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे मताचा निकाल आधीच ठरलेला धरून चाला. आमदाराचा हात दिसतो तो मताच्या अलीकडे: त्याने सुधारणा दिली का, चर्चेत नाव दिलं का, बोलला तर कोणत्या कलमावर बोलला, समितीत असेल तर अहवालाला भिन्नमतपत्रिका (आपलं वेगळं मत) जोडली का. आपल्या जिल्ह्यातल्या दहा मतदारसंघांच्या दहा आमदारांचं हे सगळं कार्यवाहीत छापलं जातं. तेव्हा 'कसं मत दिलंत' असं विचारू नका. 'कोणत्या खंडाला सुधारणा दिलीत' असं विचारा. समोरचा एक क्षण गप्प होतो, ते बघण्यासारखं असतं.

आमदाराकडे जाताना

आमच्या भागातल्या एका छोट्या पुलाबद्दल मी एकदा चार पानी निवेदन घेऊन गेलो होतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठायच्या आधीच हा पूल पाण्याखाली जातो, पोरांची शाळा बुडते, वगैरे. स्वीय सहायकाने कागद हातात तोलून बघितले आणि म्हणाला, "काका, एवढं कोण वाचणार ओ? साहेबांना गाडीत वाचायला एक पान द्या. आणि प्रश्नाच्या भाषेत द्या."

प्रश्नाची भाषा म्हणजे काय, ते त्यानेच शिकवलं. त्याचे उपकार. विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे, तो असा:

(१) अमुक गावाजवळील पूल दरवर्षी पुरात पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडते, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, सदर पुलाची उंची वाढविण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

बास. भावना, इतिहास, 'तरी कृपया' काही नको. पहिल्या भागात एकच तपासता येईल अशी गोष्ट घाला. दोन घातल्या तर 'हे अंशतः खरे आहे' असं उत्तर येतं आणि त्या 'अंशतः'मागे अख्खं खातं लपतं. पहिल्याला 'हे खरे नाही' आलं की पुढच्या सगळ्यांना 'प्रश्न उद्भवत नाही'. म्हणून पहिली ओळ अशी लिहा की ती नाकारताच येऊ नये. तारीख घाला, पत्राचा जावक क्रमांक घाला.

तारांकित प्रश्नावर सभागृहात तोंडी उत्तर आणि उपप्रश्न होतात, अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. तारांकितची हौस सगळ्यांना, पण प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले थोडेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं छापूनच येतात. सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात कागद घेऊन धावू नका. तातडीचं असेल तर नियम १०५ ची लक्षवेधी, व्यापक धोरणावर नियम २९३ ची चर्चा. आमदार ऐकतच नसेल तर विनंती अर्ज समिती आहे, आणि परिषदेचे सदस्यही आहेत. पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत कोल्हापूर येतं. मात्र पदवीधर म्हणून मत द्यायचं तर त्या यादीत वेगळं नाव नोंदवावं लागतं, नेहमीच्या मतदार यादीतलं नाव तिथे चालत नाही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर आमदाराच्या शिफारशीवर प्रेक्षक गॅलरीचा पास मिळतो. रात्रीची महालक्ष्मी, सकाळी मुंबई. एकदा जावं. मोबाईल बाहेर ठेवावा लागतो आणि वर बसून टाळी वाजवायची नसते, हे तालमीच्या पोरांना आधीच सांगून ठेवा.

मंजूर झाल्यानंतर

एका सभागृहात मंजूर म्हणजे कायदा नव्हे. परिषद साधं विधेयक पहिल्या खेपेला तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना अडवू शकते, त्यापुढे नाही. धन विधेयक तर चौदा दिवसांत परत पाठवावं लागतं. मग राज्यपालांची संमती, मग राजपत्र. राजपत्रात कलम १ नीट वाचा. 'शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास अंमलात येईल' असं असेल तर कायदा झालाय पण लागू झालेला नाही.

आमच्या पुलाचा प्रश्न शेवटी अतारांकितमध्ये गेला. उत्तर आलं ते असं: (१) हे खरे आहे. (२) अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही. कट्ट्यावर सगळे हसले. मी मात्र पहिली ओळ लाल पेनाने अधोरेखित केली, कारण तोवर खात्याने ती कधीच लेखी कबूल केली नव्हती. पुढच्या अधिवेशनासाठीचं पान तयार आहे, त्यात पहिला भाग असा: 'उक्त पुलाचे अंदाजपत्रक तयार करण्याची कार्यवाही सुरू असल्याचे शासनाने मागील अधिवेशनात लेखी उत्तरात नमूद केले होते, हे खरे आहे काय'.