आउटबोर्डला कमाल वेगाचा पंखा निवडताना

आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेर बसवलेले इंजिन) असलेली होडी मनासारखी पळत नाही म्हटल्यावर बहुतेकांच्या मनात जास्त पिचचा पंखा बसवण्याचा विचार येतो, आणि निम्म्या वेळा तो नेमका उलटा ठरतो. पंख्यावर बहुधा 13 × 15 अशा जोडीने आकडे कोरलेले असतात. त्यांतला पहिला व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे पाणी मुळीच निसटले नाही तर एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकेल ते अंतर. पिच वाढवला की इंजिनावरचा भार वाढतो, फेरे उतरतात आणि ज्या फेऱ्यांवर इंजिन पूर्ण ताकद देते तिथपर्यंत ते पोहोचतच नाही.

त्यामुळे दुकानात जाण्याआधी दोन आकडे हाताशी हवेत. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे किती असावेत ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. अनेक इंजिनांत ही मर्यादा मिनिटाला 5000 ते 6000 असते, पण आपल्या इंजिनाचीच पाहावी. दुसरा आकडा पाण्यावरच मिळतो. नेहमीइतकी माणसे, इंधन आणि सामान घेऊन, शक्यतो भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवशी आणि फेरीबोटींच्या वाटेपासून दूर, होडी पूर्ण थ्रॉटलवर चालवावी, टॅकोमीटर (फेरे दाखवणारा काटा) वाचावा आणि जीपीएसवरचा वेग लिहून ठेवावा. त्याच पट्ट्यात उलट दिशेने पुन्हा धावून दोन्ही वेगांची सरासरी काढावी, कारण मुंबईच्या खाड्यांत ओहोटीचे पाणी मागून लोटत असताना कोणताही पंखा उत्तम वाटतो.

समजा 15 पिचवर फेरे 4800 भरले. पिच 1 इंचाने कमी केला की साधारण 150 ते 200 फेरे वाढतात, तेव्हा 13 पिचचा पंखा इंजिनाला 5100 ते 5200 पर्यंत नेईल आणि 12 चा त्याच्याही थोडा वर. दोन्हींपैकी कोणता, हे भार ठरवतो. होडीत बऱ्याचदा दोन माणसे जास्त चढत असतील तर मी 12 कडे झुकेन. मात्र रिकाम्या होडीत फेरे वरची मर्यादा ओलांडत असतील, तर तो पंखा इंजिनाला घातक आहे.

निवड बरोबर आहे का, हे गणिताने पडताळता येते. फेऱ्यांना पिचने गुणावे आणि गियरचे प्रमाण गुणिले 1215 या संख्येने भागावे. उत्तर नॉट्समध्ये येते. 5500 फेरे, 13 पिच आणि 2:1 गियर असेल तर 29.4 नॉट्स. प्रत्यक्षात 25 मिळाले तर घसर, म्हणजे गणितातल्या वेगापेक्षा पडलेली तूट, 15 टक्के, आणि हलक्या होडीला ती चालण्यासारखी आहे. 22 च मिळाले तर घसर 25 टक्क्यांवर जाते. अशा वेळी पंखा बदलण्याआधी तळाला चिकटलेले शिंपले खरवडावेत आणि पंख्याच्या वर इंजिनाला असलेली आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत आहे ना, ते पाहावे. इंजिन फार वर बसले असेल तर पंखा हवा ओढतो, फार खाली असेल तर पाण्याचा विरोध वाढतो.

फेरे चढतात आणि वेग वाढत नाही, असे झाल्यास पंख्याच्या आतला रबरी हब सुटला आहे का ते तपासावे. आतली नळी आणि बाहेरचा भाग यांवरून एकच सरळ रेघ मारून पंखा बसवावा, एक फेरी मारून तो पुन्हा काढावा. रेघ तुटून दोन्ही टोके पुढेमागे झाली असतील, तर घसरत होता तो हब. पिचचा दोष नाही.

केवळ कमाल वेग हवा असेल तर तीन पात्यांचा पंखा पुरतो. चार पाती जड होडी लवकर उचलतात आणि वळणावर पकड ठेवतात, पण टोकाचा वेग सहसा थोडा कमी करतात. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ आणि ताठ असल्याने वेगाला बरी, पण खडकाला लागली तर धक्का थेट गियरपर्यंत जातो. उथळ खाडीत फिरणाऱ्याने ॲल्युमिनियमच घ्यावे, पाते वाकले तरी गियर वाचतो.

पंखा काढण्याआधी किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून घ्यावी. शाफ्टवर नायलॉनची तंगूस गुंडाळलेली सापडली तर ती पूर्ण उलगडावी, नाहीतर ती ऑइल सील कापते आणि पाणी शिरून गियरचे तेल दुधासारखे पांढरट होते. जुना पंखा, पाना आणि एक जादा स्प्लिट पिन होडीतच ठेवावी.