सोलापुरात नवीन आलात? मग 'पावणं' कोण ते आधी समजून घ्या

अकोला-अमरावतीकडून बदली होऊन इकडं येणाऱ्यांचा पहिला गोंधळ ठरलेला. "मी वऱ्हाडी आहे" म्हटलं की समोरचा विचारतो, "कुणाच्या लग्नाला आलाय?" इथं वऱ्हाडी म्हणजे लग्नाला आलेला माणूस. पंगत उठली की त्याचं वऱ्हाडीपण संपलं.

पावण्यांचं तसं नाही. रिक्षावाला "ओ पावणं, कुठं जायचंय?" म्हणतो, ते नुसतं हाक मारणं. घरमालकीण "उद्या पावणे येणारेत" म्हणाल्या आणि घरात लग्नाची मुलगी असेल, तर ते बघायला येणारे; त्या दिवशी पाण्याच्या मोटारीची तक्रार घेऊन वर जाऊ नका. "ते आमचे पावणे लागतात" म्हणजे सरळ सोयरीक. आणि जावळाला, नवसाच्या कंदुरीला मटणावर बसलेली सगळी पंगतही पावणेच. तेलुगू शेजाऱ्यांकडं 'चुट्टालु' म्हणतात, तेही नातेवाईक आणि घरी आलेले पाहुणे अशा दोघांनाही. जेवायला आला तो नात्यातला, असाच इथला एकूण हिशोब दिसतो.

म्हणून आवतण नीट ऐका. 'चूलबंद' म्हणाले तर त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट जायचं. एकटेच गेलात तर "वहिनी कुठायत?" याचं उत्तर दारापासून ताटापर्यंत देत बसाल. लिंगायत घरी हुग्गी असेल, म्हणजे गव्हाची खीर, वर तूप. पहिल्या वाढीलाच पोट भरू नका, कारण ताटावर हात आडवा धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून वाढतो.

लग्नात मानपानासाठी माइकवरून नाव पुकारलं की लाजत बसू नका. पुढं जा, टोपी घालून घ्या, टॉवेल खांद्यावर राहू द्या. "कशाला, कशाला" एकदाच म्हणावं. दुसऱ्यांदा म्हटलं की देणाऱ्याला खरंच वाटतं. टॉवेल सोलापुरीच असतो, वर्षानुवर्षं टिकतो. आमच्या घरी आता विकत आणावा लागत नाही.

एका लग्नाला मात्र आवतण लागत नाही. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास, ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं, म्हणजे त्यांच्या हातातल्या काठीचं, कुंभारकन्येशी लग्न लागतं. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि जिथं अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याभोवती अक्षता घेऊन उभं सगळं गाव. तिथं खुशाल "मी वऱ्हाडी" म्हणा, कुणी काही विचारणार नाही. फक्त गाडी लांब लावून चालत जा आणि अक्षता आधीच मुठीत ठेवा. त्या गर्दीत खिशात हात घालता येत नाही.