सशाचं कोरडं खाद्य घेताना या चुका टाळा

आमच्या घरी गुंड्या आला तेव्हा दुकानदाराने सशाबरोबर एक पाकीटही हातात ठेवलं. पाकिटावर गाजर धरून हसणारा ससा. आत लाल-पिवळे कुरकुरीत तुकडे, मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि वाळलेल्या केळ्याच्या चकत्या. दिसायला अगदी दिवाळीतला चिवडा. महिनाभर आम्ही वाटी भरभरून तेच ठेवत होतो आणि "किती आवडीनं खातो बघ" म्हणून एकमेकांना दाखवत होतो.

एकदा सकाळी उरलेली वाटी वर्तमानपत्रावर उपडी केली. बिया नाहीत, मका नाही, केळं नाही. राहिल्या होत्या फक्त करड्या-हिरव्या गोळ्या. लहान मूल चिवड्यातले काजू-शेंगदाणे वेचून पोहे तसेच ठेवतं, तसा हा प्रकार. आणि त्या पाकिटात सशाच्या कामाचं जे काही होतं, ते त्या गोळ्यांतच होतं.

चूक पहिली : रंगीबेरंगी मिश्रण घेणं

एडिंबरा विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी ३२ डच जातीच्या सशांवर १७ महिने चार तऱ्हेचे आहार करून पाहिले होते. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. मिश्रणावरचे ससे जाड झाले आणि निवडून-निवडून खात राहिले. नुसत्या मिश्रणावर ठेवलेल्यांच्या दातांतही बिघाड दिसला. मला जास्त खटकलं ते वेगळंच: मिश्रणाच्या जोडीला हवं तेवढं गवत ठेवलं, तरी ते ससे बाकीच्यांपेक्षा गवत कमी खात. म्हणजे "मिश्रण देतो, पण गवतही देतो की" ही आपली पळवाट तिथेच संपते.

म्हणून खाद्य घ्यायचं ते एकसारख्या गोळ्यांचं. सगळ्या गोळ्या एका रंगाच्या, एका आकाराच्या. दिसायला कंटाळवाणं असेल तर बहुतेक वेळा ते बरं असतं.

चूक दुसरी : पाकिटाची मागची बाजू न वाचणं

समोरची बाजू आपल्यासाठी असते, सशाची बाजू मागे. तिथे सगळ्यात आधी तंतू बघा. 'क्रूड फायबर' असं लिहिलेलं असतं. मोठ्या सशासाठी १८ टक्क्यांच्या खाली काही घेऊ नका, २० ते २५ मिळालं तर उत्तम. प्रथिनं १२ ते १४ टक्के, स्निग्धांश तीनच्या आत आणि कॅल्शियम एका टक्क्याच्या आत असावं.

आता एक बारीक गोष्ट, जी मला दोन पाकिटं संपल्यावर कळली. आकड्याच्या शेजारी 'किमान' लिहिलंय की 'कमाल', तेही पाहा. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्याच्या पोत्यावर तंतू नेहमी 'जास्तीत जास्त इतके' असे छापतात, कारण तिथे तंतू म्हणजे भरताड आणि भरताड जितकं कमी तितकं खाद्य चांगलं. सशाचं गणित बरोबर उलटं आहे. 'तंतू जास्तीत जास्त १२ टक्के' असं सशाच्या पाकिटावर दिसलं, तर बनवणाऱ्याने ससा डोळ्यांसमोर ठेवलेला नाही असं समजा आणि पाकीट परत फळीवर ठेवा.

घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं हवं. मका, गव्हाचा कोंडा आणि सोया पुढे नि गवत मागे कुठेतरी, असं असेल तर ते धान्य आहे, गवताचा वास लावलेलं. गूळ किंवा मोलॅसिस दिसलं तरी मी नाकं मुरडते.

तंतूंचं एवढं स्तोम का? सशाचं आतडं चालतं ते तंतूंच्या रेट्यावर. न पचणारा भाग पुढे ढकलला जातो, म्हणून आतडं हलतं राहतं. पिष्ट जास्त झालं की आंधळ्या आतड्यातले, म्हणजे गवत आंबवून पचवणाऱ्या पिशवीतले, जिवाणू बिघडतात, वायू धरतो. त्यात सशाला उलटी करता येत नाही. तोंडातून आत गेलेलं त्याला मागूनच बाहेर काढावं लागतं.

चूक तिसरी : गोळ्यांनाच जेवण समजणं

जेवण म्हणजे वाळलेलं गवत. गोळ्या हे पानातलं लोणचं. आहारात ऐंशी टक्क्यांहून जास्त गवतच हवं आणि ते दिवसरात्र समोर हवं. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चावताना त्याचा जबडा जात्यासारखा आडवा फिरतो आणि दाढा झिजतात. गोळी मात्र वरून दाबून कचकन फुटते, झीज होत नाही. कितीही महाग गोळी आणा, हे काम तिच्याकडून होणार नाही.

टिमोथी गवत परदेशातून येतं, महाग पडतं. आपल्याकडची सावलीत नीट वाळवलेली हरळी किंवा मारवेलही चालते; फक्त फवारणी झालेल्या जागेची नको. (गणपतीनंतर गुलाल-कुंकू लागलेल्या दुर्वा सशापुढे टाकणारे लोक मी पाहिलेत. तेही नको.)

गोळ्यांचं प्रमाण सांगायचं तर मोठ्या सशाला त्याच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला फार तर २५ ग्रॅम. गुंड्या १ किलो ६०० ग्रॅमचा, म्हणजे ४० ग्रॅम झाली कमाल मर्यादा. आमची आमटीची वाटी काट्यावर ठेवली तर ९० ग्रॅम भरली, आणि आम्ही ती दिवसातून दोनदा भरत होतो! तेव्हा अंदाजपंचे नको, एकदा वजन करून त्या मापाचं झाकण किंवा छोटा पेला ठरवून टाका.

पोळीचा तुकडा, भात, बिस्किट, भिजवलेले हरभरे हेही सशाला नकोच. आमच्या सासूबाईंना "मुकं जनावर, एक घास दिला तर काय होतं" हे पटवायला मला दोन महिने लागले. तरी अधूनमधून पोळी गायब होतेच.

चूक चौथी : पिल्लाचं खाद्य मोठ्याला

पाकिटावर 'अल्फाल्फा' लिहिलं असेल तर ती आपली लसूणघास. सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना आणि गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला ती चालते. मोठ्या सशाला रोज नको, कारण तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. ससा जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. लघवी थोडी गढूळ असणं नेहमीचंच. पण चुना कालवल्यासारखी दाट, पांढरी लघवी होऊ लागली आणि ससा कुंथू लागला, तर मूत्राशयात गाळ साचत असतो.

चूक पाचवी : "चाराच तर आहे" म्हणून गोळी पेंड

गावाकडे हे सर्रास चालतं. गाय खाते, ससाही खाईल. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं; रवंथ करणारी गाय ते बऱ्यापैकी निभावून नेते, सशाला ते बाधतं. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणीवरची जी औषधं मिसळलेली असतात, त्यांतली काही सशासाठी सरळ विष आहेत. मांसासाठी ससे पाळणाऱ्यांचं खाद्य त्यापेक्षा बरं, पण त्या सशांना अडीच-तीन महिन्यांत वजनावर आणायचं असतं. तुमच्या सशाला आठ-दहा वर्षं जगायचंय.

चूक सहावी : पावसाळ्यात मोठं पोतं भरणं

स्वस्त पडतं म्हणून पाच किलो आणायचं आणि जुलैच्या दमट हवेत पिशवीला रबर लावून ठेवायचं, ही कोकण-मुंबईकडची खास चूक. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधीच खाद्यात शिरलेली असते आणि मका-शेंगपेंडीवरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन सशाला अगदी थोडंही सोसत नाही. चांगल्या गोळ्यांना सुक्या गवताचा वास येतो. कुबट वास, गोळ्यांचे गठ्ठे, जाळी किंवा सोंडे दिसले तर निवडत बसू नका, सगळं टाका. घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, दीड-दोन महिन्यांत संपेल एवढंच आणावं. सुट्टं, तारीख नसलेलं खाद्य मी आता घेतच नाही.

खाद्य बदलल्यावर बिघडलं तर

नवीन खाद्य एकदम देऊ नका. आधी पाव हिस्सा नवं, मग अर्धं, असं करत दोन आठवडे घ्या. गुंड्या तीन दिवस रुसून बसला होता, वाटी उलटवून टाकत होता. पण गवत खात होता, म्हणून आम्ही दाद दिली नाही.

रोज सकाळी लेंड्या बघायची सवय लावा. मोठ्या, गोल, चुरल्यावर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या असतील तर ठीक. बारीक, काळपट झाल्या तर गवत कमी पडतंय. मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी विष्ठा ससा स्वतः खातो, ते नैसर्गिक आहे. तीच जर बुडाला चिकटून राहू लागली, तर गोळ्या आधी निम्म्यावर आणा आणि बूड कोरडं ठेवा. पावसाळ्यात तिथे माश्या बसून अळ्या पडतात. गोळी तोंडात घेऊन खाली टाकतोय, हनुवटी ओली राहतेय, असं असेल तर खाद्याला दोष देऊ नका, दाढा तपासून घ्या.

आणि दहा-बारा तास ससा काहीच खात नसेल, लेंड्याही बंद असतील, तर "उद्या बघू" म्हणायचं नाही; आतडं थांबलेलं असू शकतं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे बघत नाहीत. आम्हाला हे रात्री अकरा वाजता, टोपलीत ससा घेऊन तिसऱ्या दवाखान्याच्या बंद शटरसमोर उभं राहिल्यावर कळलं. ससे बघणाऱ्या डॉक्टरचा नंबर आधीच शोधून फ्रिजवर चिकटवून ठेवा.