इंदूरच्या घरात सांत्वनसभा घेताना

ख्रिस्ती घरात कुणी वारल्यावर घेतलेली ही सभा पाऊण तासात आटपावी. घरच्यांची झोप झालेली नसते, जेवण धड गेलेलं नसतं. लांबलेला उपदेश कानावरून जातो. एक गीत, एक वाचन, दहा मिनिटांचा संदेश आणि प्रार्थना, एवढं पुरे.

वाचनासाठी बायबलमधलं योहान 11:17-36 घ्या. 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' हे मार्थेला सांगणारा येशू थोड्याच वेळात रडतो, तिच्या मेलेल्या भावाला, लाजराला, उठवणार हे ठाऊक असूनही. हे सलग ऐकलं की रडणाऱ्याला आपलाच विश्वास कमी पडला असं वाटत नाही. 1 थेस्सलनीकाकरांस 4:13 मात्र जपून. त्या पत्रात पौल शोक करू नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. अर्धंच वचन सांगितलं तर अश्रू घशातच अडकतात. 'देवाची इच्छा' हे तर पहिल्या दिवसांत नकोच. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होतं. बोलू लागले आणि जखम चिघळली.

हिंदी बोलणारे शेजारी 'उठावना कब है?', म्हणजे शोकसभा कधी आहे, असं विचारतील. त्यांना सभेचा दिवस आणि वेळ नीट कळवा. स्तोत्र 23 मराठीनंतर हिंदीतही वाचा, म्हणजे तेही प्रार्थनेत सामील होतील.

खरी गरज पाहुणे गेल्यावर लागते. 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, कुणी सांगत नाही. 'काकू, मंगळवारी चारला येते, बँकेचे कागद बघू' म्हणा. आणि गेलेल्या काकांचं नाव घेऊन बोला. ते टाळलेलं फार टोचतं.