अंगणात चार-पाच कोंबड्या पाळायच्या असतील तर (इंदूरवाल्यांसाठी)

आधी एक सांगून टाकते, एकटी कोंबडी आणू नका, ती नुसती ओरडत बसते. आणि हौसेने एकदम पंधराही नका आणू. चार-पाच बेस्ट, कारण चार-पाच असल्या की प्रत्येकीचा स्वभाव आपल्याला पाठ होतो आणि घरच्या पालनात खरी गंमत आणि खरा उपयोग तिथंच आहे, तो कसा ते पुढे सांगते.

जात कोणती? आपल्याकडे झाबुआ जवळ, तिथली काळी जात म्हणजे कडकनाथ, म्हणून सगळ्यांना तोच पाहिजे असतो, २०१८ मधे जीआय टॅग मिळाल्यापासून तर विचारूच नका. पक्षी काटक आहे, मान्य. पण मांडीवर बसणारा नाही. चपळ, सावध, पंख कापले नाहीत तर पेरूच्या झाडावर जाऊन बसेल आणि अंडी पण कमीच देतो. मुलांना खेळवायला पाहिजे असेल तर आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, ती तांबडी कोंबडी बरी, शांत असते, अंडी भरपूर. दोन्ही मिसळून ठेवल्या तरी चालतात, फक्त एकाच वयाच्या एकत्र आणा. आणि कडकनाथची पिल्लं घेताना नर-मादी कळत नाही, पाचात दोन-तीन कोंबडे निघणारच असं धरून चला, पहाटे आरवल्यावर शेजारचे काका काय म्हणतील ते आधीच बघून ठेवा. वॉर्ड ऑफिसात आणि सोसायटीत विचारून घेतलेलं बरं.

मी दसरा-दिवाळीच्या मधे पिल्लं आणायला सांगते. पावसाळ्यात आपली काळी माती चिकचिक करते आणि ओलीत कॉक्सी म्हणजे रक्ताच्या शीटेचा आजार लगेच पसरतो, मे मधे ४०-४२ डिग्री, म्हणून ऑक्टोबर. जानेवारीच्या थंडीपर्यंत अंगावर पिसं आलेली असतात.

पहिला आठवडा ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत जायचं, पाच-सहा आठवड्यात पिसं भरली की बल्ब बंद. मोठं खोकं, वर ६० वॅटचा जुना फिलामेंटवाला बल्ब (एलईडीने काही होत नाही, तो गरमच होत नाही). थर्मामीटर नसला तरी पिल्लं स्वतः सांगतात, बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट म्हणजे थंडी, कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली म्हणजे गरम होतंय, सगळीकडे पसरून झोपली की बरोबर. खाली पेपर अंथरू नका, घसरून पाय फाकतात, बारदान टाका नाहीतर आरा मशीनवरचा जाडसर भुसा. पाण्याची ताटली उथळ आणि त्यात खडे, नाहीतर बुडतात खरंच.

दाणा चिक स्टार्टर, २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीनवाला. आपल्याकडे घरोघरी सोयाबीन, म्हणून लोक कच्चं सोयाबीन भरडून घालतात, ते नका घालू, कच्च्या सोयाबीनमधे प्रोटीन पचू न देणारं तत्व असतं. तेल काढून भाजलेली सोया पेंड चालते. उरलेले पोहे थोडे चालतील, शेव नको, मीठ जास्त असतं.

लसीचा घोळ असा की रानीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा नावाची लस पाच-सात दिवसांच्या पिल्लाला द्यायची, चौथ्या आठवड्याच्या सुमारास परत, मधे गंबोरो या दुसऱ्या रोगाची. पण बाटलीत शेकड्याने डोस येतात, चार पिल्लांसाठी कोण फोडणार. म्हणून नवख्या माणसाने लस झालेल्या, महिना-दीड महिन्याच्या तलंगाच (वाढत्या वयाच्या माद्या) घ्याव्यात, चार पैसे जास्त गेले तरी. बाकी शंका असली तर सरकारी पशु चिकित्सालय आहे, महूला व्हेटर्नरी कॉलेज आहे.

आता स्वभाव. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासूनच दिसायला लागतात. एक दादागिरी करणारी असतेच, दाण्याच्या भांड्यापाशी आधी ती, बाकीच्यांना चोच. हे चोच मारण्याचं उतरंडीचं प्रकरण नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे नावाच्या माणसाने १९२१ मधे लिहून ठेवलंय, म्हणजे आपल्याच घरची भानगड नाही 😄 तिला ओरडून काही होत नाही, दाणा-पाण्याची दोन भांडी एकमेकांना दिसणार नाहीत अशी लांब ठेवा, दोन्हीकडे राखण करणं तिला जमत नाही. फारच झालं तर दोन-तीन दिवस जाळीच्या पिंजऱ्यात बाजूला, परत आली की तिचा नंबर खाली गेलेला असतो. पण कुणाला रक्त निघालं तर त्या जखमी कोंबडीला लगेच वेगळं करा, लाल दिसलं की गरीब स्वभावाच्या पण टोचायला लागतात.

दुसरी भित्री. तिला वरून हात घालून पकडू नका, वरून येतं ते सगळं तिच्या हिशोबाने घारच. जमिनीवर बसा, तळहातावर दाणे घेऊन गप्प बसून राहा, संध्याकाळी जास्त जमतं. तिसरी चौकस, दार उघडं दिसलं की आधी ती बाहेर आणि खिळा, तार, प्लास्टिक जे चमकेल ते गिळणारी पण तीच, तिच्यामुळे अंगण झाडून ठेवावं लागतं.

आणि उपयोग असा, कोंबडी आजार लपवते. पिसं फुगवून कोपऱ्यात बसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. पण रोज भांड्यावर तुटून पडणारी एक दिवस मागे उभी राहिली, किंवा भित्री सहज हातात आली, तर त्याच दिवशी शीट बघा, गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा, डॉक्टरला फोन करा. शांत झाली गं बाई म्हणून खुश होऊ नका.

खुराड्याला मुर्गा जाळी पुरत नाही, मुंगूस ती वाकवतो, अर्ध्या इंचाची वेल्डमेश म्हणजे वेल्डिंग केलेली कडक जाळी लावा आणि खाली फूटभर जमिनीत गाडा. आत एकीला तीन-चार चौरस फूट, बाहेर फिरायला दहा तरी. दाणा उघड्यावर ठेवायचा नाही, कावळे-चिमण्या येतात. २०२० च्या डिसेंबर शेवटी डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेलेले सापडले होते, तपासात बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला. तसं कुठे ऐकलं की कोंबड्या आतच ठेवायच्या आणि मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही.

अंडी पाच-सहा महिन्यांनी. त्याआधी लेयर दाणा म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचा दाणा चालू करू नका, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम लहान वयात किडनीला बाधतं. तुरा लाल झाला, पाठीवर हात ठेवला की खाली बसायला लागली, म्हणजे वेळ आली, तेव्हा दाणा बदला, शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत द्या आणि भुसा घातलेलं एक खोकं अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पाचजणींना एक पुरतं, दोन ठेवलीत तरी सगळ्या एकातच घालतात.